नळी फिरली की दिवा बंद

माझी दुर्बीण खाप्याला गच्चीवर आहे, मी नागपुरात आहे, आणि या दोघांच्या मध्ये इतकी वर्षं ताई होती. हे कसं झालं ते आधी सांगतो, म्हणजे मी घरच्यांना वाटतो तितका वेडा नाही हे तरी कळेल.

नागपूरच्या आकाशात आता चंद्र सोडला तर पाहण्यासारखं काही राहिलेलं नाही. रिंग रोडचे दिवे, मेट्रोचे दिवे, वर लग्नाच्या लॉनवरून ढगात फिरणारे ते झोत. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, निवृत्त झाल्यावर हौसेनं दुर्बीण घेतली, आणि वर्षभर अपार्टमेंटच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमध्ये उभा राहून महापालिकेच्या नावानं बोटं मोडली. शेवटी ती उचलून मोठ्या बहिणीकडे नेली. कन्हानच्या काठचं गाव, ताईचं एकमजली घर आणि वर मोकळी गच्ची. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच राहायची. लेक काटोलला दिलेली.

आधी मी एस्टीनं जायचो. मग गुडघ्यानं दगा दिला. तेव्हा व्हिडिओ पाहून पाहून सगळी जोडणी इंटरनेटवर आणली. टॅबलेटवर बोट टेकवलं की खाप्याला दुर्बीण वळायची, फोटो काढायची, फोटो मला इथं दिवाणावर बसल्या दिसायचे. दुर्बिणीवर नजर ठेवायला टाकीच्या खांबावर एक छोटा कॅमेरा लावला. त्यातून चित्र यायचं, आवाज यायचा नाही.

पण खोळ काढायला माणूस लागतोच. ते काम ताईचं. रोज दिवेलागणीला मी फोन करायचो, ती म्हणायची, "उठवतो बापा तुह्या जावयाले." जावई म्हणजे दुर्बीण. रेनकोटच्या कापडाची खोळ तिनंच शिवली होती. ती काढायची, बटण दाबायचं, खाली यायचं. दसऱ्याला दुर्बिणीच्या नळीला हळदकुंकू लावायची, आणि ते काचेला लागेल म्हणून मी इथून ओरडायचो.

ओरडण्याचं म्हणाल तर मी सगळ्यांवरच ओरडायचो. ताईच्या शेजारी पिठाची चक्की आहे. चक्कीवाल्या वहिनींच्या गच्चीवर एक मोठा बल्ब असतो, तो थेट माझ्या फोटोत उतरायचा. एकदा स्वतः जाऊन हात जोडले. म्हटलं, वहिनी, ही नळी हलताना दिसली की समजायचं माझं काम सुरू झालं, तेवढा दिवा बंद करत जा. बाई शब्दाची पक्की निघाली. नळी फिरली रे फिरली की बल्ब बंद. कॅमेऱ्याला अंधारात दिसावं म्हणून जे बारीक लाल दिवे असतात, त्यांवरही मी काळी टेप चिकटवली. मला म्हणजे मला काळोख पाहिजे होता, आणि तो मी सगळ्यांकडून वसूल केला.

माघातली गोष्ट. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते, वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत गेलो तरी गड जिंकल्यासारखं वाटायचं. बायको कामठीला बारशाला गेली होती. संध्याकाळी ताईला फोन केला. मृग नक्षत्र डोक्यावर यायला लागलं होतं, त्यातला तेजोमेघ टिपायचा होता. टॅबलेटवर मी तिला गच्चीवर येताना पाहिलं. मोबाइल तिनं कठड्यावर ठेवला, खोळ काढली, बटण दाबलं. वळली, आणि वायरीत तिचा पाय अडकला.

ती पडली. कुशीवर पडली आणि उठलीच नाही.

मी "ताई, ताई" करून टॅबलेटशी बोलतोय, जशी ती काचेच्या पलीकडेच आहे. फोन लावला. तिचा मोबाइल कठड्यावर उजळला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हात लांबवला, आणि हात परत खाली टेकवला. ती काहीतरी बोलत होती. ओठ हलताना दिसत होते. शेजारी चक्की सुरू असणार, त्या घरघरीत तिचा आवाज कोणाला जाणार?

अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी निघाली, पण सावनेरहून यायची होती. भाचीला काटोलला फोन लावला. बिझी. परत लावला, बिझी. बायको फोन उचलेना, बारशाच्या गोंधळात तिला कुठला ऐकू येणार. चक्कीवाल्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. त्यांना मी दिवा बंद करायला सांगितलं, नंबर काही विचारला नाही.

तेवढ्यात कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात वहिनी दिसल्या. आपल्या गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होत्या. मधे फक्त कठडा. कठड्याच्या अलीकडे ताई पडलेली, पलीकडे त्या. मला वाटलं, देव पावला. नळी कठड्याच्या वर दिसते, ती हलवली तर त्यांचं लक्ष जाईल, त्या वाकून पाहतील. मी बोटानं नळी गर्रकन फिरवली.

वहिनींनी पाहिलं. मान डोलावली. कपडे खांद्यावर टाकले, जिन्याकडे गेल्या, आणि बल्ब बंद केला.

माझ्या टॅबलेटवर काळोख झाला. ताई दिसेना, खोळ दिसेना, काही म्हणता काही दिसेना. दुसऱ्या खिडकीत मात्र दुर्बिणीतून तारे येत होते, एकेक सुईच्या टोकासारखा स्वच्छ. इतकं चांगलं आकाश वर्षभरात मिळालं नव्हतं. मला त्या ताऱ्यांचा असा राग आला की टॅबलेट भिंतीवर फेकावा वाटलं. पण फेकून कसं चालेल, तेवढं एकच तर माझ्या हातात होतं.

मग मी काय केलं? नळी हलवत राहिलो. वर, खाली, वर, खाली. काय उपयोग होता त्याचा? काडीचाही नाही. पण हात थांबवला की मी तिला तिथं टाकून निघून आलो असं वाटायचं. एका हातानं नळी हलवायची, दुसऱ्या हातानं भाचीला फोन लावायचा. मी रडत होतो, हेही सांगून टाकतो.

भाचीचा फोन का बिझी होता ते नंतर कळलं. ती रोज त्याच वेळेला आईशी बोलते. आई उचलत नाही म्हणून ती एकसारखा आईला फोन लावत होती, आणि मी तिला. अखेर लागला.

"मामा, आई फोन काहून नाही उचलून राहिली?"

मी सांगितलं. तिनं लगेच फोन ठेवला. चक्कीवाल्यांचा नंबर तिच्याकडे होता.

थोड्या वेळानं टॅबलेटवर उजेड झाला. वहिनींनी बल्ब लावला होता. ताई तशीच कुशीवर होती, डोळे उघडे. वहिनी जिन्यातून धावत आल्या, मागून त्यांचे मालक. त्यांनी तिच्या डोक्याखाली ती खोळ घडी करून ठेवली. मग अॅम्ब्युलन्सची माणसं आली, तिला स्ट्रेचरवर घेऊन गेली, आणि माझ्यासमोर रिकामी गच्ची राहिली. मी ती बराच वेळ पाहत बसलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नागपुरात झालं. आता ताई आमच्याकडेच असते, आतल्या खोलीत, खिडकीशी. आम्ही दोघं भाऊबहीण आपापले वॉकर घेऊन चहाला बसतो आणि बायको आम्हाला हसते. खाप्याच्या दुर्बिणीवर वहिनींनी खोळ घातली आहे. मी काढायला सांगितलेली नाही.

परवा दुपारी बायको बाजारात गेली होती. ताई संत्र सोलत बसली होती. मधेच म्हणाली, "त्या दिवशी तू होता म्हणून बरं झालं गा. नाही तं मी भेवानंच मेली असती."

"मी काय केलं, ताई?"

"काय केलं म्हणजे? लाइट गेला अन् मले वाटलं, आता संपलं. मंग म्या तुले विचारलं, येऊन राहिला का गा? तं तुह्या नळीनं अशी मान हालवली." तिनं मान वरखाली करून दाखवली. "परत विचारलं, तं परत हालवली. मंग म्या गुमान पडून राहिली. म्हटलं, निघाला हा."

मी समोरच्या फोडीतल्या बिया काढत बसलो.

"चक्कीवालीनं उचललं तवा मी वाटच पाहून राहिली होती," ती म्हणाली. "तू खालीच थांबला होता न? वर काहून नाही आला?"

"पायऱ्या चढवत नव्हत्या न, ताई."

"हो, ते बी खरंच हाये," ती म्हणाली, आणि उरलेलं अर्धं संत्र माझ्या हातावर ठेवलं.