हौसामावशीचं किराईत

रविवारी सकाळी हौसामावशीच्या अंगणातून किराईताचा पाला उकळल्याचा कडूजार वास सुटला, की आमच्या आळीतली पोरं खाडीच्या बांधाकडे धूम ठोकायची. उपयोग शून्य. मावशी पदर खोचून मागे जायची, एकेकाला बखोटीला धरून आणायची, नाक दाबायची आणि वाटी तोंडात रिकामी करायची. वर गुळाचा खडा. पोर कुणाचं, असले प्रश्न तिला पडत नसत. "कडू आत, किडा भायेर!" म्हणायची आणि पुढच्याला ओढायची. आयाही खूश, कारण हे काम त्यांच्याच्यानं होत नव्हतं.

पेणजवळच्या या गावात मी लग्न होऊन आले आणि पुढे इथल्याच अंगणवाडीत लागले. म्हणजे जंताची गोळी वाटणारी मी, किराईत पाजणारी ती, आणि दोघींच्या घरांत एकच भिंत. भांडण व्हायचंच. मी सांगायची, "मावशी, किराईतानं सगळे जंत मरत नाहीत. गोळी द्यायलाच हवी." ती गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायची. हातातला पॉलिश पेपर माझ्यापुढे नाचवत म्हणायची, "दिवसभर देवाची पोटं घासते मी. पोरांच्या पोटातलं मना कळत नाय व्हय?" कपाळ माझं!

पण खोटं कशाला बोलू, एवढा जीव लावणारं माणूस आळीत दुसरं नव्हतं. माझ्या बाळंतपणात माझी आई अंथरुणाला खिळलेली, तर शेकशेगडीपासून मेथीच्या लाडवांपर्यंत सगळं हिनंच केलं. आणि नात आर्वी म्हणजे तर तिचा प्राण. लेक सुरेखा आणि जावई रोह्याजवळ, वरसे गावात राहायचे. दोघंही धाटावच्या कंपनीत शिफ्टला, म्हणून पोर आजीकडे. सुरेखा सुट्टीला यायची, पोरीला पोटाशी धरायची आणि जाताना म्हणायची, "तू हायस म्हणून गो आई, नायतर काय केला असता आमी!"

एके साली गोळी खाल्ल्यावर शेजारच्या मुलाच्या शौचातून जंत पडले. मेलेले जंत पडले म्हणजे गोळीनं आपलं काम केलं. पण आळीत बोभाटा उलटाच झाला, की गोळीनं पोराच्या पोटात जनावरं झाली. मावशीनं तर डोक्यात राखच घालून घेतली. पुढच्या गोळीच्या दिवशी आर्वी अंगणवाडीत आली नाही. विचारायला गेले तर म्हणे, "आयेकडं गेलीय, वरसेला." राहिलेल्या मुलांना पुन्हा गोळ्या दिल्या, तेव्हाही तेच उत्तर. पोर आत माजघरातच बसली होती, हे मावशीनं पुढे स्वतःच्या तोंडानं मला आणि सुरेखाला सांगितलं.

पावसाळ्यात आर्वीचं पोट दुखायला लागलं. मावशी म्हणाली, बेंबी सरकलीय. तेल लावून पोट चोळलं, किराईत पाजलं. उतार पडेना, तर आणखी कडक करून पाजलं. पोर हिरवं ओकायला लागली, तेव्हा मावशी भर दुपारी धावत माझ्याकडे आली. पेणच्या डॉक्टरांनी बघताक्षणी अलिबागला पाठवलं. आतड्यात जंतांचा गुंता अडकला होता. ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढावा लागला. पोर वाचली, देवाची कृपा.

दवाखान्याच्या जिन्यात सुरेखा आईला एवढंच म्हणाली, "गोळी दारात आली व्हती, आई. तू माझ्या पोरीला लपवलीस." आवाजसुद्धा चढवला नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर ती आर्वीला वरसेला घेऊन गेली ती गेलीच. कंपनी सोडून घरी बसली, पण पोर आजीकडे ठेवली नाही. सणाला दोघी यायच्या, जेवायच्या आणि उजेडातच परतीच्या एसटीला लागायच्या.

मावशीनं किराईत बंद केलं. गोळीच्या दिवशी आता तीच पोरांना हाताला धरून अंगणवाडीत आणायची. "चावून खा रं, नुस्ती गिळू नको," म्हणत दारात बसून राहायची. मी जिंकले म्हणावं, तर कसलं मेलं जिंकणं! मला तिचं भांडण हवं होतं. एकदा म्हटलंही, "मावशी, किराईत काही विष नव्हे. पोरीला लपवलंत, चुकलं ते तिथे. बोला की पूर्वीसारखं." ती म्हणाली, "नको गो बाय. माज्या हाताचा मनाच भरवसा नाय ऱ्हायला."

गेल्या मार्गशीर्षात मावशी गेली. त्याआधी काही दिवस सुरेखा आर्वीला घेऊन भेटायला आली होती. पोर चांगली उंच झाली होती. ती येणार म्हणून मावशीनं माझ्याकडून नारळाच्या वड्या करून घेतल्या होत्या. डबा उशाशीच. चाचपडत तिनं त्यातली एक वडी काढली आणि पुढे केली. आर्वीनं हात पसरला, तोच मावशीनं आपला हात मागे घेतला.

"आदी आयेला इचार," ती म्हणाली. "खाऊ का म्हणून इचार."

सुरेखानं तोंडात पदर कोंबला. ती रडत होती आणि जोरजोरात मान हलवत होती, हो, हो, खा म्हणून. पण मावशीला हल्ली दिसत नव्हतं आणि सुरेखाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मावशी वडी हातात धरून उत्तराची वाट बघत राहिली.