प्लॅटिनमची तार

पाण्यातून हायड्रोजन काढायला प्लॅटिनम उत्तम, पण महाग. म्हणून पीएचडीची दोन वर्षं मी स्वस्त कोबाल्टच्या मागे घालवली. कार्बनच्या पापुद्र्यावर कोबाल्टचा एकेक अणू सुटा बसवायचा, म्हणजे प्रत्येक अणू कामाला लागतो. पण भट्टीत घातलं की अणू एकमेकांना चिकटून गोळे व्हायचे. पुन्हा पावडर, पुन्हा भट्टी, पुन्हा गोळे. मला त्या भट्टीचं तोंड बघवेनासं झालं होतं.

शेवटी एक नमुना जमला. सूक्ष्मदर्शकात सुटे ठिपके दिसले, पाण्यात वीज सोडल्यावर भराभर बुडबुडे आले. आणि रोज तो आदल्या दिवसापेक्षा चांगला चालायचा. माझे गाइड खूश झाले. म्हणाले, "पेपर लिहायला घे."

चामराजपेटच्या घरी जेवताना मी हे ऐटीत सांगितलं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर निकेल प्लेटिंग केलेलं: टाकीत वीज सोडून एका टोकाचं निकेल दुसऱ्या टोकाच्या वस्तूवर चढवायचं. त्यांनी विचारलं, "विजेच्या दुसऱ्या टोकाला काय लावतेस?"

"प्लॅटिनमची तार."

"मग तेच स्वल्प सुटून तुझ्या कोबाल्टवर बसत असेल की. आमच्या टाकीत दुसरं काय व्हायचं?"

"अप्पा, प्लॅटिनम असं विरघळत नाही! तुमची टाकी वेगळी."

त्यांनी ताक वाढून घेतलं. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं. रोज सुधारणारा नमुना! ही सुधारणा येत कुठून होती?

सकाळी तार काढून ग्रॅफाइटची कांडी लावली, म्हणजे प्लॅटिनमचा संबंधच नको; त्याच पावडरचा नवा नमुना घेतला. बुडबुडे जेमतेम. तीनदा केलं, तीनदा तेच. वापरलेला नमुना तपासला, तर त्यात प्लॅटिनम निघालं.

गाइडनी आकडे दोनदा तपासले. "प्लॅटिनम असं सुटतं, हे आपण दोघांनीही वाचलं होतं," एवढंच म्हणाले. खरं होतं. त्याचाच जास्त संताप आला.

चार दिवस मी अप्पांशी धड बोलले नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण राग काढायला दुसरं कोण होतं? पाचव्या दिवशी त्यांचंच खरं निघालं हे सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

"सरी, बरं. मग कोबाल्ट एकटं किती काम करतं, ते तरी आता कळेल."

"फार कमी," म्हणत मी ताट बाजूला सारलं.

पुढचे तीन महिने जुने सगळे नमुने ग्रॅफाइट लावून पुन्हा मोजण्यात गेले. त्यातला एक बरा निघाला. बरा, एवढंच.