दोन घड्याळं जुळली तेव्हा

मित्रांनो, आज दुपारी सावली या आमच्या गावातल्या घरी माझ्या दोन कॉम्प्युटरांची घड्याळं एकदाची जुळली. आधी सॉफ्टवेअर वेळ नोंदवायचं, तोवर उशीर झालेला असायचा. आता नेटवर्कवरून डेटाचं पॅकेट येताक्षणी नेटवर्क कार्डच वेळ टिपतं आणि मी लिहिलेला ड्रायव्हर प्रोग्रॅम ती वाचतो. हेच काम घेऊन मी तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलो होतो.

ज्याला हे कळेल असं गावात कोणी नाही. शेवटी तांदूळ पाखडत बसलेल्या आईला सांगितलं.

"घड्याळं मिळवाले एवढे दिवस काऊन लागले?" तिनं विचारलं. मी समजावलं.

तिनं सूप खाली ठेवलं. "म्हणजे काम झालं. आता तू वापस जाशीन?"

बाबा गेल्यापासून ती एकटीच असते. तुम्ही काय सांगितलं असतं?