वादी अदाईतली अंबाडी

देवाशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द माझे आहेत, घडलेलं खरं आहे. म्हणजे बरंचसं. एकही गोष्ट खोटी निघाली तर आजचा चहा माझ्याकडून. नाही निघाली तर तुमच्याकडून. ठरलं? मग बसा.

तीन पुरुष एका फ्लॅटमध्ये राहायला लागले की दाराशी चपला साठतात ना, तसे किस्से साठतात. कुठला कुणाचा कळत नाही, आणि टाकून द्यायला कुणी तयार नसतं.

आमचा फ्लॅट मस्कतमध्ये, वादी अदाईला. दत्ताकाका देवरुखच्या बाजूचे, एका मेंटेनन्स कंपनीत प्लंबर. माझं वय जेवढं, तेवढी त्यांची ओमानातली नोकरी. इक्बालभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे, जवळच रुवीत मसाल्याच्या दुकानात. आणि मी, साइनबोर्ड डिझाइन करणारा. घरात काहीही बिघडलं की संशय आधी माझ्यावर. नव्वद टक्के वेळा बरोबर असायचा.

०००

काकांची एक बाग होती. फोनवर.

दर सुट्टीला परत निघताना काकी त्यांच्या बॅगेत अंबाडीच्या बियांची एक पुरचुंडी टाकायच्या. काका ती इथे आणून कपाटात ठेवायचे, आधीच्या पुरचुंड्यांशेजारी. मग काकींचा फोन. "रुजलं का हो?"

"रुजलं? अगं, गुडघाभर झालंय! आत्ता पाणीच घालतोय. ऐक!"

आणि फोन एसीच्या पाण्याच्या बादलीजवळ धरून बादली मोरीत ओतायचे.

त्या काळात ओमानात व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल बंद. त्यामुळे बाग सुरक्षित. शेजाऱ्यांना जुड्या वाटून झाल्या, एकदा कीड लागली, एकदा बकरी शिरली. दुसऱ्या मजल्यावर.

शेवटी काकींनी फोटो मागितला. मी काकांना घेऊन थेट राउंडअबाउटवर गेलो. थंडीत तिथे म्युनिसिपालिटी काय फुलं लावते! काकांना त्यात उकिडवं बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली, काढला फोटो.

काकींचा मेसेज आला. "बाग छान. मागून बस कशी जाते?"

मी काकांच्या वतीने उत्तर टाकलं. "शेजाऱ्यांची आहे."

एकदा विचारलं मी, "काका, एवढं बोलता त्यापेक्षा लावून टाका ना एक रोप."

काका म्हणाले, "झाड लावलं की माणूस अडकतो रे. पुढच्या वर्षी जायचंच आहे."

हे पुढचं वर्ष माझ्या जन्मापासून चालू होतं.

०००

मग एकदाचं ते वर्ष आलं. काका सगळं खलास करून घरी जाणार. आणि नेमके तेव्हाच इक्बालभाई सुट्टीवरून परतले. काकींना भेटून आले होते. नवी पुरचुंडी काकांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "दत्ता, वहिनी येतायत."

"कुठे?"

"इकडं! पोरानं तिकीट काढलंय. म्हणतायत, एवढी वर्षं नवरा कुठं राहिला ते एकदा डोळ्यानं बघीन, मग दोघं बरोबर येऊ."

काकांनी कपाटाकडे बघितलं. "आणि बाग?"

"सांग, उंटानं खाल्ली."

काका हसले नाहीत. "चेष्टा नको रे. ती आयुष्यात एकदा येणार. निदान एक जुडी पाहिजे. एक वाटी भाजी तिच्या पुढ्यात ठेवली की बाकीची बाग मी सांभाळून घेईन."

झालं. त्या दिवसापासून फ्लॅटमध्ये एकच प्रोजेक्ट.

०००

काकांनी सुरुवात सगळ्यात जुन्या पुरचुंडीने केली. का, तर तांदूळ आपण जुने आधी संपवतो ना, तसं.

दुपारी कामावरून जेवायला आले, वाटीत बिया घेतल्या, नळ सोडला, झाकण ठेवून गेले. आता तुम्हाला काय सांगायचं, इथे उन्हाळ्यात नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, म्हणजे जवळजवळ चहाच येतो. म्हणून तर आपण गीझर बंद ठेवतो आणि घराच्या सावलीत साठलेलं गार पाणी गीझरमधून घेतो! लहान पोराला माहीत आहे.

संध्याकाळी झाकण उघडलं. बिया उकडल्या होत्या. मीठ लावून खाल्ल्या असत्या.

आणि काका प्लंबर आहेत, हे मी मघाशी सांगितलं ना?

०००

पुढची पुरचुंडी गीझरच्या पाण्यात भिजवली. काचेच्या ग्लासात. आणि ग्लास नीट राहावा म्हणून ठेवला फ्रिजमध्ये.

रमजान चालू होता. इक्बालभाई इफ्तारला घाईघाईत आले, खजूर तोंडात टाकला, फ्रिज उघडला, ग्लास उचलला, त्यात रूह-अफजा ओतलं आणि एका दमात घटाघट!

काका दारात उभे. ग्लास रिकामा.

इक्बालभाईंनी ओठ पुसले. "अलहमदुलिल्ला! सब्जा जरा कडक हाय, पण काय खमंग लागला रे! कुठून आणलास?"

मी म्हटलं, "काकांच्या बागेतला."

पुढे दोन दिवस काका त्यांना रोज विचारत होते, "पोटात काही वाटतंय का?" इक्बालभाईंना वाटलं, काय जीव लावतो हा माणूस.

०००

मग मला फर्मान सुटलं. "तुझ्या त्या यूट्यूबवर बघ, घरात बी कसं रुजवतात."

बघितलं. एक सांगतो, इंटरनेटवर घरात बी रुजवण्याबद्दल सगळ्यात मनापासून बोलणारी सगळी माणसं एकाच धंद्यातली आहेत. गांजाच्या! मी काकांना ते सांगितलं नाही. त्यांना इंग्लिश येत नाही, आणि मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

पडद्यावर एक लांब केसांचा गोरा मुलगा ओल्या टिश्यूवर एकेक बी ठेवत होता. फुंकर घालत होता. त्यांच्याशी बोलत होता.

काका भारावले. "किती मायेनं करतोय बघ! शेतकऱ्याच्या घरचा असणार."

काकांनी हुबेहूब तसंच केलं. टिश्यू ओला, पण चिंब नाही. वरून दुसरा टिश्यू. सगळं प्लास्टिकच्या डब्यात, आणि डबा फ्रिजच्या डोक्यावर, तिथे ऊब असते म्हणून. कामावर जाताना डब्याकडे बघून म्हणायचे, "येतो हं."

जुन्या पुरचुंड्यांतलं एक बी हललं नाही. दोन-तीन तशाच उघडायच्या राहिल्या. काकांचा धीरच संपला. शेवटी इक्बालभाईंनी आणलेली नवी पुरचुंडी त्यांनी देवासमोर ठेवली, हात जोडले आणि मग डब्यात घातली.

एका सकाळी माझ्या अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढलं. काका डबा घेऊन उभे. टिश्यूवर पांढरे बारीक कोंब, शेपट्यांसारखे. काका कुजबुजत म्हणाले, "फुटलं."

"मग हळू का बोलताय?"

"झोपलेत ना ते."

०००

दह्याच्या रिकाम्या बादल्यांत रोपं लावली. पहिली पानं आली गोल, सभ्य. काका खूश. मग रोपं उंच झाली आणि वरची पानं बदलली. लांब, बारीक, कातरलेली, हाताच्या बोटांसारखी पसरलेली.

इक्बालभाई बाल्कनीत टॉवेल वाळत घालायला गेले आणि टॉवेल न घालताच आत आले. दार लावलं. कडी लावली. पडदा ओढला.

"दत्ता, ह्या काय लावलंस?"

"अंबाडी."

"मी त्या गोऱ्या पोराचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलाय!"

काकांनी वळून माझ्याकडे बघितलं. "त्यात शेवटी काय होतं?"

मी व्हिडिओ लावला. शेवटी तो मुलगा आपल्या झाडाशेजारी उभा होता. पानं सेम टू सेम!

काका शपथेवर सांगू लागले की अंबाडीचं पान असंच असतं, आईनं हीच भाजी घालून वाढवलं. इक्बालभाईंनी कडी पुन्हा तपासली. मला म्हणाले, "ह्याला इकडं शिक्षा किती रे?"

"आपल्याला की झाडाला?"

टॉवेल फेकून मारला मला.

उपटायला काका तयार नाहीत. काकींचं विमान तोंडावर आलेलं. शेवटी इक्बालभाईच शंभर बैसाच्या ‘हर माल’ दुकानात गेले आणि प्लास्टिकचे गुलाब घेऊन आले. प्रत्येक रोपाला तारेने एकेक गुलाब बांधला. लांब उभे राहून बघितलं आणि म्हणाले, "आता कोण वळखील?"

०००

ओळखायला आले घरमालक. सालेम अर्बाब, गच्चीवरची टाकी बघायला. जाता जाता सरळ बाल्कनीत!

"ये क्या?"

काका म्हणाले, "सब्जी, अर्बाब."

इक्बालभाई त्याच क्षणी म्हणाले, "गुलाब, अर्बाब."

अर्बाबने दोघांकडे बघितलं. मग एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला आणि तोंडात टाकलं. इक्बालभाई भिंतीला टेकले. काका डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. मी मनात साइनबोर्ड डिझाइन करत होतो, फ्लॅट भाड्याने देणे आहे.

अर्बाबने चावलं. गिळलं. डोळे बारीक केले.

"खट्टा गुलाब! फर्स्ट टाइम!"

आणि सगळ्यात उंच रोपाची बादली उचलून गाडीत घातली. ‘यल्ला, चला’ म्हणत गेले अमेरातला, आपल्या घरी.

थोड्या दिवसांनी फोन आला. "दत्ता! पत्ता बहुत आता है. गुलाब वही एक. लेकिन माशाल्ला, सूखता नहीं!"

आम्ही त्यांना फसवलं की त्यांनी आम्हाला, ते अजून कळलेलं नाही.

०००

आणि काकी आल्या.

मी आणि इक्बालभाईंनी हॉलमध्ये गाद्या टाकल्या, खोली काका-काकींना दिली. काकी आल्या आल्या बाल्कनीत गेल्या. काका मागे, नव्या शर्टात, परीक्षेला बसल्यासारखे. काकींनी बादल्या बघितल्या. घाईत एक गुलाब काढायचा राहिला होता, तोही बघितला. पदर खोचला आणि पानं खुडायला लागल्या.

काय भाजी झाली सांगू! तांदळाच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. आम्ही जेवत होतो आणि काकी साड्या ठेवायला खोलीत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि काकांचा घास थांबला.

काकी बाहेर आल्या. ओच्यात उरलेल्या पुरचुंड्या. गाठी त्यांच्याच हातच्या, तशाच बांधलेल्या.

"हे सगळं पेरलं म्हणाला होतात."

काकांनी ताटाकडे बघत सगळं सांगून टाकलं. बादली, बकरी, बस, सगळं. "शेवटी पेरायला घेतलं, तर जुनं एक बी रुजलं नाही गं. मेलं असेल इतक्या वर्षांत."

काकी म्हणाल्या, "मेलं नाही. भाजलेलं आहे ते."

काकांनी एक पुरचुंडी उचलून वास घेतला.

"दर वर्षी तव्यावर भाजून मगच द्यायचे मी."

इक्बालभाई हळूच म्हणाले, "तरीच खमंग!"

काकांची मान वर आली. "म्हणजे तू... मी ते गुडघाभर झालं म्हणायचो... शेजाऱ्यांना जुड्या वाटल्या म्हणायचो..."

"हो ना. मीच तर विचारायचे, रुजलं का हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान सांगायचात."

काकांनी ताटातल्या भाजीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "आणि या वर्षीचं?"

"हे नाही भाजलं. यंदा तुम्ही घरी येणारच होतात."

"पण आधीचं भाजायचीस कशाला?"

काकींनी त्यांच्या ताटात अजून एक डाव भाजी वाढली. म्हणाल्या, "गार होतेय. जेवा."

०००

माझ्याकडे काय बघताय? मी फक्त जेवत होतो तिथे. चला, पाकिटं काढा. तीन चहा, आणि तो पराठा पण धरा, गोष्ट सांगताना मी खाल्लेला.