केंद्रातल्या कलाबाईचे पापड

आमची कलाबाई कुणाला भीक घालणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. भेस्तानच्या चाळीत बारा वर्षं मी तिच्या शेजारी राहिले. शहराबाहेरच्या मोठ्या संशोधन केंद्रात ती फरशी पुसायची. पांढरे कोटवाले तिथं नेमकं काय शोधतात ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण "आमचं केंद्र" म्हणताना मान कशी ताठ व्हायची!

शहाण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी शेजारचा निंबा केंद्राकडच्या कामरेजहून धापा टाकत आला. "केंद्र फुटलं! भिंती फाटल्या, विषारी धूळ वाऱ्यावर सुटलीय!" शहरात प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. मग काय, अर्धी चाळ गावी पळायला नंदुरबारच्या गाडीसाठी गाठोडी बांधायला लागली.

तेवढ्यात पहाटेची पाळी संपवून कलाबाई आली. "अरे मेल्या, मी आत्ता तिथली फरशी पुसून आले. भिंत फाटली असती तर ढिगारा कोणी उचलला असता, तुझ्या बापानं?"

पण ऐकतं कोण! उलट तिच्या अंगावर ती धूळ असेल म्हणून बाया आपापली पोरं तिच्यापासून ओढून घ्यायला लागल्या. मीही माझं ओढलं, खोटं कशाला बोलू?

आम्हा खान्देशी बायांची रीत अशी, की आज हिच्या घरचे, उद्या तिच्या घरचे, पापड सगळ्यांनी मिळून लाटायचे. नेमका त्या दिवशी कलाबाईचा नंबर. आठ किलो उडदाचं पीठ कुटून तयार, आणि ते काही थांबत नाही, वाळून जातं. एक बाई फिरकली नाही. पिठाचं तिला एवढं नव्हतं हो. आपल्या शब्दाला चाळीत काडीची किंमत नाही, हे लागलं. डोळे भरलेले मी पाहिले.

रडत बसेल तर ती कलाबाई कसली! भर अंगणात, त्याच वाऱ्यात तिनं पोळपाट मांडला. बाळंतपणाला आलेली लेक सोनाली, नववा लागलेला, तिला शेजारी बसवलं. पिठाची लाटी तेलात बुडवली, "खा व माय," म्हणाली आणि लेकीच्या तोंडात घातली.

विष असतं तर पोटुशा लेकीला आई भरवेल का? मी लाटणं उचललं. मागून चाळीतली उषाबाई, मग एकेक करत पंधरा जणी. रेडिओनं केंद्र जसंच्या तसं असल्याचं संध्याकाळी सांगितलं. आम्ही त्याआधीच कलाबाईचं मानलं होतं.

तर तेव्हा लाटणं घेऊन मी पिठाला हात लावणार, तोच ती गरजली, "थांबा! आमच्या केंद्रात हात धुतल्याबिगर कोणी कशाला शिवत नाही."

आम्ही पंधरा जणी मुकाट्यानं हात धुवायला रांगेत उभ्या राहिलो.