दोराचं दुसरं टोक

डोंगरकडा गावाच्या शिवारात सटवाजीला ओळखत नाही असा शेतकरी शोधून सापडायचा नाही. हळद निघून रान मोकळं झालं की लोक त्याला निरोप धाडायचे, लेंडीखतासाठी मेंढरं आमच्या वावरात बसव म्हणून. सव्वाशे मेंढरं, आणि त्यातलं एकूणएक तो तोंडावरून ओळखायचा. माणसांशी मात्र त्याचं फारसं जमत नसे. कुणी चार गोष्टी विचारल्या तर तो एका शब्दात भागवायचा, आणि तो शब्दही बहुधा 'व्हय' असायचा.

थोरला भाऊ सोनाजी, झुपकेदार मिशांचा, तोही त्याच्याच मातीचा. सोनाजीची बायको लवकर गेली, पोरबाळ झालं नाही, तेव्हापासून तो शेजारच्या खोलीत एकटा राहायचा आणि जेवायला सटवाजीच्या चुलीवर असायचा. दोघे भाऊ दिवसभर एका कळपामागे चालत. संध्याकाळपर्यंत त्यांचं बोलणं काय, तर "पाणी पाजलं?" "पाजलं." सटवाजीची बायको बनाबाई म्हणायची, "ह्या दोघांपरीस मेंढरं बरी. निदान वरडतात तरी."

सोनाजीच्या खोलीत दारामागे एक दोर टांगलेला होता. लोकर आणि बकरीचे केस मिसळून हातानं वळलेला, पाच हात लांब. अठरा वर्षांत त्या दोराला कुणी हात लावला नव्हता. पावसाळ्यात वाघूर तुटली, मेंढरांभोवतीची ती जाळी बांधायला दोर कमी पडला, तरी तो दोर कुणी काढला नाही. त्याबद्दल घरात कुणी बोलतही नसे.

अठरा वर्षांपूर्वी सटवाजी नुकतीच तिशी ओलांडलेला होता. एक दिवस कळप सोडून तो चालू लागला. विचारलं तर म्हणाला, आई बोलवून राहिली. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पुढं पुढं ती आई विहिरीतून हाका मारू लागली. दोनदा सोनाजीनं त्याला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. अंगारे झाले, धुपारे झाले, एका बाबानं पाठीवर वळ उठवले. गुण काही येईना. बनाबाई लेकरांना पोटाशी धरून रडायची.

मेंढरांत एखादी मेंढी फुटकी निघते. कळप सोडून काट्यांत शिरते, कड्याला जाते. मेंढपाळ तिला मारत नाही. एखादी शांत, वयस्क मेंढी बघून तिच्या जोडीला बांधतो. दोघी एका दोरात चरतात, एका दोरात पाणी पितात, आणि हळूहळू फुटकी मेंढी वळणावर येते. सोनाजीला दुसरं काही माहीत नव्हतं. त्यानं जे माहीत होतं ते केलं. दोराचं एक टोक सटवाजीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं स्वतःच्या.

अडीच महिने दोघे भाऊ एका दोरात राहिले. जेवायला दोघे, झोपायला दोघे, परसाकडंला जायचं तरी दोघे. सटवाजी दिवसातून दहा वेळा विहिरीकडं धाव घ्यायचा आणि सोनाजी जमिनीत पाय रोवून उभा राहायचा. त्याच्या कमरेची सालटी निघाली. गावातली पोरं "बैलजोडी आली, बैलजोडी आली" म्हणून मागं लागायची. सोनाजीनं कधी मान वळवून बघितलं नाही.

शेवटी कुणीतरी नांदेडच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. दोघे दोरासकट एसटीत बसले, वरून एक घोंगडी पांघरून. कंडक्टर म्हणाला, "एक तिकीट फाडू का दोन?" सगळी गाडी हसली. सोनाजीनं दोन मागितली. दवाखान्यात डॉक्टरनं गाठी बघितल्या, त्या कुणी मारल्या ते विचारलं आणि गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांत आईच्या हाका थांबल्या. सोनाजीनं दोर गुंडाळला, खुंटीला टांगला आणि मेंढरांमागे गेला.

दोर सोडल्यावर सटवाजीला भावाला काहीतरी म्हणायचं होतं. काय ते त्याला सापडत नव्हतं. अठरा वर्षं सापडलं नाही.

मागच्या साली गावातली आशा कार्यकर्ती पद्माबाई एका बाईंना घेऊन वावरात आली. त्या रागिणी मॅडम, एका संस्थेच्या. गावोगावच्या आशांसाठी एक प्रशिक्षण बनवायचं होतं. अपंग माणसांशी आणि मनाच्या आजारातून गेलेल्यांशी कसं वागावं, कसं बोलावं, याचं. मॅडम थेट ढेकळांत मांडी घालून बसल्या. सटवाजीला त्याचं बरं वाटलं.

"काका, आजवर ही पुस्तकं आमच्यासारख्यांनीच लिहिली," मॅडम म्हणाल्या. "ज्यांनी सोसलं त्यांना कुणी विचारलंच नाही. या वेळी तुम्ही सांगायचं, आम्ही लिहायचं. तुम्ही नको म्हणाल ते एक वाक्य आत जाणार नाही."

"मला बोलता येत न्हाई."

"मग बसून राहा. तेही चालेल."

आखाडा बाळापूरला एका हॉलमध्ये बैठका सुरू झाल्या. सात-आठ जण असायचे. त्यात धर्मसिंग होता, जवळच्याच तांड्यावरचा, लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेला. त्याची चाकाची खुर्ची आणि त्याचं तोंड, दोन्ही सारखीच चालायची. "लोक विचारत न्हाईत, काही न्हाई, सरळ खुर्ची उचलतात," तो सांगायचा. "एकदा लग्नात मला उचलून बायकांच्या पंगतीत ठेवलं. म्या म्हणलं, ठेवलंच हाय तर वाढा बी!" सगळे हसले की तो सटवाजीकडं वळायचा. "सटवाजीभाऊ, तुमी बोला आता. न्हाई तर तुमचं बी म्याच सांगून टाकीन, आन् मंग त्यात मीठमसाला लई पडंल."

दोन बैठका सटवाजी नुसता बसून आला. तिसऱ्या बैठकीत एक जण म्हणाला, बांधून ठेवणाऱ्या घरच्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे. आणि सटवाजीचं तोंड उघडलं. कसं उघडलं ते त्यालाही कळलं नाही. आईच्या हाका, विहीर, दोर, एसटीतली घोंगडी, सगळं त्यानं सांगितलं. फुटक्या मेंढीचंही सांगितलं. रागिणी मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या भराभर लिहीत होत्या.

"बांधणं बराबर व्हतं असं म्या म्हणत न्हाई," सटवाजी म्हणाला. "डाक्टर आदी भेटला असता तर दोर लागला नसता. पर अडीच महिने घरी किती लोक आले. कुणी मला बघायला, कुणी हसायला. दादाला कुणी विचारलं न्हाई की बाबा, तू जेवलास का? तुमच्या आशाताईला हे शिकवा. बांधलेल्याकडं जा, आन् दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात हाय त्याला बी विचारा, जेवलास का म्हणून."

मॅडमनी वही मिटली. "काका, हाच आपला पहिला धडा."

"एक हाय मॅडम. दुसरं टोक दादाच्या कमरेला व्हतं. तेवढं सुटलं तर सगळंच खोटं व्हतं."

"सुटणार नाही."

चौथ्या बैठकीत त्यांनी धडा वाचून दाखवला. दुसरं टोक त्यात होतं. जेवलास का तेही होतं. सटवाजीनं चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं खाली सही केली. त्या दिवशी बाळापूरहून येताना त्याला आतून मोकळं मोकळं वाटत होतं. जे अठरा वर्षं सापडलं नव्हतं ते आता सापडलं होतं. त्याला ते बोलायची गरजच नव्हती. छापील पुस्तकातून, भरल्या हॉलात, चार शिकलेल्या माणसांच्या तोंडून दादा ते ऐकणार होता.

म्हणून त्यानं सोनाजीला काही सांगितलं नाही. पहिल्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं तेव्हा एवढंच म्हणाला, "दादा, उद्या बाळापूरला चल. धुतलेलं धोतर नेस."

"काहून? लगन लावतो का माझं?"

"चल तर."

बनाबाई हसली. "नवरी पायजेच असंल तर मेंढी न्या सोबत, तिला तुमची सवय हाय."

हॉल भरला होता. पन्नासेक आशा, पुढच्या रांगेत पाहुणे. सटवाजीनं सोनाजीला पुढं बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. व्यासपीठावर रागिणी मॅडम होत्या, पण माइक शहरातून आलेल्या एका साहेबांच्या हातात होता. त्यांना सटवाजीनं आधी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र आलं.

जमिनीत ठोकलेला एक खुंट. पायात दोर घालून खुंटाला बांधलेला एक माणूस, मान खाली. त्याच्यापासून चार पावलांवर दुसरा माणूस, खांद्यावर घोंगडी, झुपकेदार मिशा, हाताची घडी घालून बघत उभा. चित्रावर लाल फुली.

"ही आपल्याच भागातली खरी गोष्ट आहे," साहेब म्हणाले. "सख्ख्या भावानं आजारी भावाला अडीच महिने जनावरासारखं खुंटाला बांधून ठेवलं. ताई, कधी कधी घरचेच वैरी होतात. अशी घरं तुम्ही ओळखायला शिकायचं आहे."

बायकांनी चक् चक् केलं. पद्माबाई दुसऱ्या रांगेत होती. ती लग्न होऊन गावात आली त्याला बाराच वर्षं झाली होती, दोराचं प्रकरण तिनं पाहिलं नव्हतं. पण सटवाजीचं नाव संस्थेला तिनंच दिलं होतं. तिनं चटकन सोनाजीकडं बघितलं आणि तितक्याच चटकन नजर वळवली. ते नजर वळवणं सटवाजीला दिसलं. सोनाजीलाही दिसलं.

"ओ साहेब!" मागून धर्मसिंग ओरडला. "ह्यो खुंट कुठून आणला? म्या ह्याच हॉलात बसून ऐकलंय, खुंट नव्हता!"

"प्रश्न शेवटी घेऊ, दादा," साहेब हसून म्हणाले. मग आशांना कागद वाटले गेले. चित्रातली चूक ओळखा. सगळ्या खाली मान घालून लिहू लागल्या.

सोनाजी पडद्याकडं बघत होता. बराच वेळ बघून हळूच म्हणाला, "खुंट बाभळीचा दिसून राहिला." एवढंच.

चहाच्या वेळेला सटवाजीनं मॅडमना गाठलं. "मॅडम, दुसरं टोक?"

रागिणी मॅडमनी कप खाली ठेवला. "काका, मी खूप भांडले. वरच्या समितीनं ऐकलं नाही. त्यांचं म्हणणं, भाऊ चांगला दाखवला तर लोकांना वाटेल बांधणं बरोबर आहे. शिवाय दोन माणसं एका दोरात, हे चित्रात लोकांना कळत नाही. खुंट लगेच कळतो."

"आन् जेवलास का?"

मॅडमनी कप पुन्हा उचलला. मग म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत घालू. नाव तर कुठं टाकलेलं नाही ना, काका."

"सही घेतली व्हती तुमी माझी."

"ती आधीच्या मजकुरावर होती." हे बोलल्यावर त्यांनी खाली बघितलं. त्यांनाही ते ऐकायला बरं वाटलं नसावं.

"म्या त्याला संगं आणलंय, मॅडम," सटवाजी म्हणाला. "ऐकवायला आणलंय."

शेवटी सत्कार होता. 'हे प्रशिक्षण ज्यांच्या अनुभवातून उभं राहिलं' असं म्हणत साहेबांनी नावं घेतली. धर्मसिंगनं खुर्ची वळवली आणि नारळ न घेता हॉलच्या बाहेर गेला. सटवाजीचं नाव आलं. तो जागचा हलला नाही. पन्नास बायका त्याच्याकडं आणि त्याच्या शेजारच्या मिशावाल्याकडं बघत होत्या. नाव तर कुठं टाकलेलं नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आता ते टाकायची गरजच उरली नव्हती.

"जा," सोनाजी म्हणाला. "शाल घे. थंडीची कामाला येईल."

सटवाजी गेला. शाल खांद्यावर पडली, कुणीतरी फोटो काढला.

परतीच्या एसटीत दोन माणसांचं बाक रिकामं होतं. सटवाजी खिडकीशी बसला आणि जागा ठेवली. सोनाजी पुढं जाऊन एका अनोळखी माणसाशेजारी बसला. कंडक्टर आला तेव्हा त्यानं स्वतःचं एक तिकीट घेतलं.

फाट्यावर उतरून दोघे वस्तीकडं चालू लागले. ओढ्यापाशी सटवाजी थांबला.

"दादा, म्या खुंट म्हणलो नव्हतो. आईशप्पथ. म्या तुझ्या कमरेचं सांगितलं व्हतं."

"तू म्हणला नसशील," सोनाजी चालता चालता म्हणाला. दहा पावलं गेल्यावर पुन्हा म्हणाला, "पर तू सांगितलंस म्हणून त्यांना घावलं. न्हाई तर कुणाला काय म्हाईत व्हतं? गावातल्या पोरांनी बैलजोडी म्हणलं व्हतं, सटवा. वैरी कुणी म्हणलं नव्हतं."

घरी आल्यावर सोनाजी सरळ आपल्या खोलीत गेला. सटवाजी अंगणात शाल घेऊन उभा होता. सोनाजी बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तो दोर होता. अठरा वर्षांची धूळ त्यानं दोनदा झटकली. कोपऱ्यातल्या खुंटाला एक टोक बांधलं, दुसरं बकरीच्या गळ्यात घातलं, गाठ ओढून बघितली आणि हात धोतराला पुसले.

बनाबाई चुलीपाशी भाकर थापत होती. तिचा हात थांबला. "अवं," ती हळूच नवऱ्याला म्हणाली, "काय झालं बाळापूरला?"

सटवाजीनं शाल घडी करून तिच्यापाशी ठेवली. त्या संध्याकाळी सोनाजी चुलीपाशी जेवायला आला नाही. बनाबाईनं भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला.

सकाळी मेंढरं सोडायच्या वेळेला सटवाजी त्याच्या दारात गेला. सोनाजी पायताण घालत होता.

"दादा, जेवलास का?" सटवाजीनं विचारलं. हे विचारायला त्याला अठरा वर्षं लागली होती.

"जेवलो," सोनाजी म्हणाला, आणि काठी उचलून कळपापुढं निघाला.

उंबऱ्यावर फडक्याची गाठ तशीच होती. आत भाकर होती, कालचीच.