सगळ्यांत शेवटी चढणारे दोघे

चाळीस वर्षं घड्याळं उघडून बघितलेल्या माणसाला माणसंही उघडून बघावीशी वाटतात. घड्याळकाकांचं तसंच झालं होतं. "बाबा, नसत्या चौकशा कशाला?" सून करवादायची. "अगं, विचारल्याशिवाय कळणार कसं?" काकांचं ठरलेलं उत्तर.

दुकान बंद केल्यापासून त्यांच्या आठवड्यात जीव होता तो फक्त रविवारी. बारा जणांचा सायकलगट पहाटे निघायचा, साठ किलोमीटर तुडवायचा आणि सायकलींसकट दुपारच्या गाडीनं परतायचा. सायकलींच्या डब्यात भिंतीला उंचावर हुक होते. पुढचं चाक त्यात अडकवून सायकल उभी टांगायची. गटाचा नियम एकच, तोही कप्तानाचा: आपली सायकल आपणच टांगायची, न जमेल त्यानं घरी बसावं. कप्तान म्हणजे शाळेतले निवृत्त कवायतमास्तर. त्यांना 'का' विचारायची कुणाची टाप नव्हती.

आणि काकांचा उजवा खांदा दोन महिन्यांपूर्वी कामातून गेला होता. सायकल चालवताना काही नाही, पण हात डोक्यावर नेला की डोळ्यांपुढे काजवे! काकांनी सुनेलाही पत्ता लागू दिला नव्हता. दर रविवारी ते आधी चढून दाराजवळच्या कोपऱ्यात सायकल टेकवायचे आणि "हुकाला मडगार्ड घासतं हो" म्हणून वेळ मारून न्यायचे.

आज त्या कोपऱ्यात कुणाची तरी बाबागाडी होती. आत बाळ गाढ झोपलेलं. आता बाळाला काय उठवणार? सायकल टांगता येत नाही हे आज सगळ्यांना कळणार. रविवार गेला तर मागे उरतं काय? ते मुकाट्यानं फलाटावर उतरले आणि चेन बघायचं सोंग करत बसले. सगळे सायकली टांगून शेजारच्या डब्यात बसायला गेले की आपण शेवटी चढायचं आणि उतरेपर्यंत सायकल धरून उभं राहायचं, असा बेत.

दहा जण चढले, पण कप्तान काही हलेनात. चाकातली हवा दाबून बघत राहिले.

"काका, चढा."

"तुम्ही आधी, मास्तर."

"छे छे, वयाचा मान तुमचा."

"मी तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहे!"

"अहो, मानपान नंतर करा, गाडी सुटतेय!" गार्ड ओरडला. दोघं धडपडत एकदमच चढले.

गाडी हलली. दोघंही सायकल धरून उभे. कुणी हुकाकडे बघेना. काकांच्या डोक्यात चक्रं फिरू लागली. गेल्या रविवारी शेवटी कोण चढलं? कप्तान. त्याआधी? कप्तानच. बसायला कधीच येत नाहीत, सायकलींवर लक्ष ठेवतो म्हणतात.

"मास्तर, तुम्ही नेहमी शेवटी का हो चढता?"

कप्तानांचे कान लाल झाले.

"कंबर," ते पुटपुटले. "वर्ष झालं. वजन उचललं की कळ येते."

"मग सायकल?"

"धरून उभा राहतो."

"दीड तास?"

"काय करू? नियम माझाच ना!"

काकांना आधी हसू फुटलं आणि मग गलबलून आलं. "मास्तर, माझा खांदा गेलाय," ते म्हणाले. सांगून टाकल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं.

मग काकांनी खाली वाकून डाव्या हातानं चाक उचलून दिलं आणि कप्तानांनी वर ते हुकात बसवलं. एक सायकल टांगली, मग दुसरी. बाळ अजून झोपलेलंच होतं.

दोघं शेजारच्या डब्यात शिरले तेव्हा गप्पा थांबल्या. "मास्तर, तुम्ही इकडे?" गटातल्या नर्सबाईंनी विचारलं. "सायकलींवर लक्ष कोण ठेवणार?"

कप्तानांनी काकांकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "नियम बदललाय. यापुढे सायकली जोडीजोडीनं टांगायच्या. माझी कंबर गेलीय."

मग नर्सबाई मनगट चोळत वैतागून म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं हो? सहा महिने मी गोळी खाऊन टांगतेय!" आणि सरकून त्यांनी दोघांना जागा करून दिली.